मिनियापोलिस: धबधब्याकाठचे पिठाचे शहर

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील मिनेसोटा राज्याचे सर्वांत मोठे शहर मिनियापोलिस हे मिसिसिपी नदीवरील सेंट अँथनी धबधब्यामुळे वसले. वरच्या मिसिसिपीवर एवढा मोठा दुसरा धबधबा नाही. एक-दोन दिवसांसाठी आलेल्या प्रवाशाने इथली तळी आणि बाजारपेठा पाहण्याआधी हा काठ गाठावा. दगडी कमानींचा पूल, गिरण्यांचे भग्नावशेष, संग्रहालय आणि नाट्यगृह हे सारे दोन मैलांहून कमी चालण्यात पाहून होते, आणि शहर कशावर उभे राहिले हेही तिथेच कळते.

इथे नदीच्या तळाशी वर चुनखडकाचा कठीण थर आणि त्याखाली ठिसूळ वालुकाश्म आहे. कोसळणारे पाणी खालचा वालुकाश्म पोखरते, आधार सुटलेला चुनखडक तुटून पडतो आणि धबधबा थोडा मागे, म्हणजे उगमाच्या दिशेने सरकतो. सुमारे 12,000 वर्षांपूर्वी तो आजच्या सेंट पॉल शहराजवळ होता. इथले मूळ रहिवासी असलेल्या डकोटा लोकांसाठी हे स्थान पवित्र होते. 1680 मध्ये लुई हेनेपिन हा फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक इथे पोचला आणि त्याने पादुआच्या संत अँथनीचे नाव धबधब्याला दिले. पुढे नकाशांवर तेच राहिले.

उद्योगाची सुरुवात सैनिकांनी केली. जवळच्या फोर्ट स्नेलिंग छावणीने 1820 च्या दशकात इथे लाकूड कापण्याची आणि धान्य दळण्याची गिरणी चालवली. पूर्व काठावर सेंट अँथनी आणि पश्चिम काठावर मिनियापोलिस अशी दोन गावे वाढली. 1872 मध्ये ती एक झाली. पण त्याआधीच धबधबा हातचा जाण्याची वेळ आली होती. 1869 मध्ये पाणी वळवण्यासाठी नदीखालच्या वालुकाश्मातून बोगदा खणला जात असताना नदी त्यात घुसली. धबधबा कोसळून तिथे नुसता खळाळ उरेल, या भीतीने नागरिकांनी ओंडके आणि दगड टाकून भगदाड बुजवण्याची धडपड केली. अखेर लष्कराच्या अभियंत्यांनी चुनखडकाखाली सुमारे 1,850 फूट लांबीची काँक्रीटची भिंत घातली आणि 1880 पर्यंत धबधब्यावर लाकडी उतार बांधून झीज थांबवली. आज पाणी ज्या गुळगुळीत उतारावरून वाहते तो काँक्रीटचा आहे. निसर्गाने घडवलेला कडा त्याआधीच नाहीसा झाला. पुलावरून दिसणाऱ्या या दृश्यात माणसाच्या हावेचा आणि दुरुस्तीचा वाटा निसर्गाइतकाच मोठा आहे.

गिरण्यांना भरभराट आली ती गव्हामुळे. मिनेसोटातील थंडी इतकी कडक असते की तिथे गहू हिवाळ्यात तग धरत नाही. तो वसंतात पेरून उन्हाळ्याच्या शेवटी कापतात. हा गहू टणक असतो आणि त्याचा कोंडा ठिसूळ असतो. जात्याच्या दगडाखाली कोंड्याचा चुरा होऊन पीठ काळपट पडे, म्हणून बाजारात त्याला भाव कमी मिळे. 1870 च्या सुमारास इथल्या गिरण्यांत एक यंत्र आले. दळणातला रव्यासारखा भाग चाळण्यांवर हलवत त्यातून हवा खेळवली, की हलका कोंडा उडून जाई. उरलेला रवा पुन्हा दळला की पांढरेशुभ्र पीठ निघे. पाठोपाठ हंगेरीतील पद्धतीचे पोलादी रूळ आले आणि दगडी जाती मागे पडली. ज्या गव्हाला कमी भाव होता, त्याचेच पीठ आता पावासाठी सर्वोत्तम ठरले.

या वैभवाची किंमत कामगारांनी चुकवली. कॅडवॉलडर वॉशबर्न यांनी 1874 मध्ये उभारलेली ‘वॉशबर्न ए’ गिरणी 2 मे 1878 रोजी संध्याकाळी स्फोटाने उडाली. गिरणीच्या आतले 14 आणि शेजारच्या गिरण्यांतले 4 असे 18 जण मेले. बंदिस्त जागेत तरंगणारी पिठाची धूळ ठिणगी पडताच दारूगोळ्यासारखी पेटते, हे गिरणीमालकांना त्या दिवशी फार महागात कळले. 1880 मध्ये नवी गिरणी उभी राहिली ती धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रांसह. तिचा आराखडा विल्यम द ला बार या ऑस्ट्रियन अभियंत्याचा होता. ऐन भरात ही एक गिरणी दिवसाला 1 कोटी 20 लाख पावांना पुरेल इतके पीठ दळत असे. समोरच्या काठावर 1881 मध्ये पिल्सबरी कंपनीची प्रचंड गिरणी सुरू झाली. हे नाव पुढे आट्याच्या पिशव्यांवरून महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांतही पोचले.

1880 पासून सुमारे 1930 पर्यंत पिठाच्या उत्पादनात मिनियापोलिस देशात अव्वल राहिले. रेल्वेमालक जेम्स हिल यांनी 1883 मध्ये बांधलेला दगडी कमानींचा पूल त्याच काळातला. डौलदार वळण घेत नदी ओलांडणाऱ्या या पुलावरून 1994 पासून फक्त पादचारी आणि सायकलस्वार जातात; धबधबा पाहायला याहून चांगली जागा नाही.

पहिल्या महायुद्धानंतर रेल्वेची भाडी आणि जकातीचे नियम बदलले, कॅनडाचा गहू न्यूयॉर्क राज्यातील बफेलोत दळणे स्वस्त पडू लागले आणि पहिला मान तिकडे गेला. वॉशबर्न ए 1965 मध्ये बंद झाली. 1991 च्या आगीत तिच्या भिंती तेवढ्या उरल्या. त्या पाडून टाकणे सोपे होते. शहराने त्या सावरल्या आणि 2003 मध्ये त्यांच्या आत ‘मिल सिटी म्युझियम’ सुरू झाले, हा निर्णय मोलाचा. तिथे मालवाहू लिफ्टमध्ये बसून एकेका मजल्यावर थांबत दळणाची प्रक्रिया आणि कामगारांच्या आठवणी ऐकता येतात. ज्याच्या हाती केवळ अर्धा दिवस आहे, त्याने तो इथेच घालवावा. बाहेरच्या मिल रुइन्स पार्कमध्ये गिरण्यांचे पाणी नदीत सोडणारे दगडी पाट उकरून मोकळे केले आहेत. शेजारच्या गथ्री नाट्यगृहाची 2006 मधील इमारत फ्रेंच वास्तुरचनाकार जाँ नुव्हेल यांची. तिचा 178 फूट पुढे झेपावणारा सज्जा नदीच्या दिशेने उघडतो.

जहाजांना धबधब्याची उंची चढता-उतरता यावी यासाठी त्याच्या शेजारी 1963 मध्ये सुरू झालेला जलपाश परदेशी कार्प मासे वरच्या पात्रात शिरू नयेत म्हणून 2015 मध्ये बंद झाला. पिल्सबरीच्या जुन्या गिरणीत आता कलाकारांची घरे आहेत. 2021 मध्ये याच काठावर मूलनिवासी शेफ शॉन शर्मन यांनी ओवाम्नी हे उपाहारगृह उघडले आणि त्याला धबधब्याचे डकोटा नाव दिले. त्याच्या स्वयंपाकात युरोपीयांनी आणलेले पदार्थ टाळले जातात. म्हणजे साखर, दूधदुभते आणि गव्हाचे पीठही.