अडीच वर्षांच्या आईचं कोडं

विक्रम राजाने शंकराची तपश्चर्या केली. शंकर प्रसन्न होऊन म्हणाले, वर माग. अमरपण मागून मिळत नाही, हे आपल्या कथांमधल्या राजांना आणि राक्षसांना पुरतं ठाऊक असतं. म्हणून विक्रमाने आडवळणाने मागितलं. अडीच वर्षांच्या मुलीच्या पोटी मूल जन्माला आलं, तर त्याच्याच हातून मला मरण येवो. असं मूल होणार नाही, म्हणजे मरणही येणार नाही. राजा निश्चिंत झाला.

पुढे राज्यात अपशकुन होऊ लागले. राजाने वेताळाला शोधाला धाडलं. वेताळ फिरत फिरत प्रतिष्ठान नगरीत आला. तिथे एका कुंभाराच्या घरी एक चिमुरडी आणि एक मुलगा खेळत होते. विचारल्यावर चिमुरडी म्हणाली, हा माझा मुलगा. त्याचा बाप शेषनाग आणि त्याचं नाव शालिवाहन. विक्रम तलवार घेऊन धावून गेला, त्या पोराच्या काठीचा मार खाऊन उज्जैनीला परतला आणि तिथेच मेला.

प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. आमच्या गारखेड्यातून पन्नासेक किलोमीटर. ही गोष्ट 'सिंहासनबत्तिशी'तली. मूळ कथामाला संस्कृतातली असून तिचे निरनिराळे पाठ आहेत. फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने १९२६ साली त्यांतले चार पाठ शेजारी शेजारी मांडून छापले. मराठीत तर छपाईच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत तिचा मान आहे. वैजनाथ शर्मा यांनी केलेलं तिचं मराठी रूप १८१४ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघालं.

आता प्रश्न असा की या 'अडीच वर्षांच्या आई'चा अर्थ काय? चमत्कार म्हणून सोडून द्यायचं, की त्यामागे काही दडलेलं आहे?

याच पुस्तकात शालिवाहनाची आणखी एक गोष्ट आहे. एक सावकार मरतो. त्याच्या पलंगाच्या चार पायांखाली चार मुलांसाठी चार भांडी पुरलेली सापडतात. एकात माती, एकात कोळसे, एकात हाडं, एकात भुसा. विक्रमाच्या दरबारातही कुणाला अर्थ लागत नाही. कुंभाराच्या घरातलं पोर मात्र चुटकीसरशी सांगतं की, माती म्हणजे जमीन, कोळसे म्हणजे सोनं, हाडं म्हणजे गुरंढोरं आणि भुसा म्हणजे धान्य. वाटणी झाली, भांडण मिटलं.

ही दोन कूटं एकसारखी वाटतात, पण त्यांची जात वेगळी आहे. सावकाराचं कोडं सुटतं, कारण घालणाऱ्याच्या मनात उत्तर होतं आणि ते कुणीतरी ओळखावं अशी त्याची इच्छा होती. विक्रमाच्या मरणाचं कोडं घटना घडण्याआधी कुणालाच सुटलं नसतं. गोष्टीतली भविष्यवाणी शेवट ठाऊक असलेला माणूस मागे बसून रचत असतो.

याचा उत्तम नमुना म्हणजे भविष्यपुराण. मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने १८९७ साली ते छापलं. त्यातल्या प्रतिसर्गपर्वात राणी व्हिक्टोरियासुद्धा 'विकटावती' या नावाने हजर आहे! व्यासांनी पुढचं सगळं पाहून ठेवलं होतं, असं भाविकांना वाटलं. १९०३ साली ऑफ्रेख्ट या जर्मन पंडिताने त्यातली लबाडी उघड केली. गंमत म्हणजे या पुराणात शालिवाहन हा विक्रमाचा नातू आहे. एका ग्रंथात मारेकरी, दुसऱ्यात नातू. भविष्य सांगणाऱ्यांना भूतकाळही आपल्या सोयीने मांडता येतो तो असा.

इतिहासात पाहावं तर हे युद्ध झालंच नाही. विक्रम संवत सुरू होतो इसवी सनापूर्वी ५७ मध्ये आणि शालिवाहन शक इसवी सन ७८ मध्ये. मध्ये १३५ वर्षांचं अंतर. शिवाय त्या शकाला शालिवाहनाचं नाव चिकटलं ते कित्येक शतकांनी. नर्मदेच्या उत्तरेला विक्रमाची कालगणना आणि दक्षिणेला शालिवाहनाची, असं का, याचं उत्तर लोकांनी गोष्टीतून दिलं. गोष्टीत उत्तरेच्या राजाला हरवायचं होतं, पण त्याची अब्रूही राखायची होती. मग त्याचं मरण अशक्य कोटीतलं करून ठेवलं. साध्या माणसाकडून हरला असता तर कमीपणा, शेषनागाच्या पुत्राकडून हरला तर नियती.

इथपर्यंत झाला राजाचा हिशेब. पण आईचं काय?

चौदाव्या शतकात जिनप्रभसूरी नावाच्या जैन आचार्यांनी 'विविधतीर्थकल्प' हा ग्रंथ लिहिला. त्यात प्रतिष्ठानाचं वर्णन आहे आणि सातवाहनाची जन्मकथाही आहे. तिथली आई अडीच वर्षांची नाही. दोन ब्राह्मण भाऊ आपल्या विधवा बहिणीला घेऊन पैठणला येतात आणि कुंभाराच्या घरी उतरतात. बहीण पाण्याला गोदावरीवर जाते. डोहातला शेषनाग तिच्यावर भाळतो. दिवस जातात. दोघे भाऊ मनातल्या मनात एकमेकांवर संशय घेतात आणि तिला तिथेच सोडून निघून जातात. ती लोकांच्या घरी कामं करून दिवस काढते. मुलगा होतो आणि मातीचे हत्तीघोडे करून खेळतो.

ही कथा वाचली आणि दुसऱ्या कथेतलं कोडं मला वेगळं दिसू लागलं. दोन्हीकडे पैठण तेच, कुंभार तोच, नाग तोच, मुलगा तोच. बदलली आहे फक्त आई. एकीकडे गर्भार राहिलेली विधवा, जिला सख्खे भाऊ टाकून गेले. दुसरीकडे अजाण बालिका, जिच्यावर बोट ठेवायला जागाच नाही. आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हा वाद पंडितांचा. मला वाटतं ते असं की, राजाच्या आईबद्दल उघड बोलायची सोय नव्हती, तिथे कूट उपयोगी पडलं. चमत्काराने तिचा कलंक पुसला, पण तिची गोष्टही पुसली.

एकदा हे लक्षात आलं की इतर गोष्टींतही तेच दिसायला लागतं. कंसाला आकाशवाणी झाली आठव्या मुलाची, पण कारावास भोगला देवकीने. शेक्सपिअरच्या मॅकबेथला सांगितलं जातं की स्त्रीने प्रसवलेला कुणी तुला मारू शकणार नाही. शिरवाडकरांनी १९५४ साली 'राजमुकुट' या नावाने हे नाटक मराठीत आणलं. मॅकडफला आईचं पोट चिरून काढलेलं होतं, हा त्यातला पेच. पण तो पेच उलगडण्याआधी मॅकबेथ मॅकडफच्या बायकोमुलांची कत्तल करून बसलेला असतो. आमच्या नातवंडांच्या लाडक्या हॅरी पॉटरकडेही पाहा. २००३ साली आलेल्या पाचव्या पुस्तकात ते भविष्य पुरतं कळतं, आणि ते दोन मुलांना लागू पडणारं असतं. व्होल्डेमॉर्ट अर्धवट ऐकून एकाच्या घरी जातो, आणि आडवी येते ती त्या मुलाची आई. तिच्या बलिदानामुळेच मूल वाचतं आणि भविष्य खरं व्हायची वाट मोकळी होते.

म्हणजे भविष्य मुलाबद्दल आणि भोग आईच्या वाट्याला. शिवाय हे सगळे राजे कोड्यातला मुलगा शोधत राहतात, आई त्यांच्या हिशेबातच नसते. तिथेच ते फसतात. विक्रम पैठणला आला नसता तर त्याला काठी कोण मारणार होतं? भविष्य चालत येतं ते ऐकणाऱ्याच्याच पायांनी.

हे जुन्या गोष्टींपुरतं आहे असं मात्र समजू नये. 'मूळ नक्षत्रावर जन्मली, सासऱ्याच्या मुळावर येईल' हे भविष्यच आहे. त्यापायी मुली नाकारल्या जातात आणि ऐकून घ्यावं लागतं त्यांच्या आयांना. शाळेत जून महिन्यात प्रवेशासाठी रांग लागायची तेव्हा एखादी बाई मुलाला घेऊन टेबलापाशी यायची. जनरल रजिस्टरमध्ये वडिलांच्या नावाचा रकाना आला की तिचा आवाज एकदम खाली जायचा. मुलगा मात्र खिडकीतून मैदान बघत असायचा. १ मे २०२४ नंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापाठोपाठ आईचं नाव लावायचा नियम झाला. त्याची बातमी वाचली तेव्हा मला त्या रांगेतल्या कितीतरी जणी आठवल्या.

आणि खरे सातवाहन? ते स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवत. ही नावं आईच्या गोत्रावरून आलेली, त्यावरून बायकांचं राज्य होतं असं काही ठरत नाही. पण नाणी आणि शिलालेख यांवर राजाच्या नावाआधी आई येते, हे कुणीही वाचून पाहावं. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी तो कोरला गेला. मुलाने शक, यवन, पह्लव यांचा पाडाव केला, हे ती सांगते. वर्णसंकर थांबवला, हीही त्यात बढाई आहे. ज्याने वर्णसंकर थांबवला म्हणायचं, त्याच्याच घराण्याला पुढे लोकांनी नागबाप दिला आणि कुंभाराच्या घरात वाढवलं!

ते असो. बलश्री स्वतःची ओळख राजाची आई आणि राजाची आजी अशी करून देते आणि भिक्षूंना लेणं दान केल्याचं नोंदवते. तिथे कसलंही कोडं नाही. आई कोण हे दगडावर सरळ लिहिलेलं आहे.