माकुणसार ते सायन

प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात एक रकाना असतो, शाळा सोडल्याचं कारण. दाखल्याची दुसरी प्रत मागायला कुणी आलं की जुनं रजिस्टर उघडावं लागे आणि माझी नजर आधी त्या रकान्यावर जाई. ‘परगावी गेल्यामुळे’, ‘घरकामासाठी’, ‘सतत गैरहजर’. एखादं नाव पहिलीत दोनदा-तीनदा दिसायचं आणि मग त्यापुढे ‘सतत गैरहजर’ लिहिलेलं असायचं. ते मूल आधी शाळेत येत होतं, बसत होतं, पाटीवर गिरवत होतं. त्याला वाचता का येत नाही, हे लिहायला रजिस्टरात जागाच नव्हती.

पालघर जिल्ह्यातल्या माकुणसार, केळवे, एडवण या पट्ट्यात अशा मुलाला ‘ढ’ म्हणत आणि वाडीत नाहीतर होडीवर धाडत. माझे वडील सांगत, दिपोटीसाहेब, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, तपासणीला येणार असले की मास्तर कच्च्या पोरांना त्या दिवशी घरीच राहायला सांगत. यात कुणाला वाईट वागल्यासारखंही वाटत नसे. मला याचंच जास्त दुःख होतं.

तरी वेगळा विचार आमच्याच जिल्ह्यात फार लवकर झाला होता. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली मुलं गुरं राखायला जात, म्हणून बाई त्यांच्यामागे कुरणात गेल्या आणि कुरणशाळा भरली. मूल शिकत नसेल तर आधी शाळेची जागा, वेळ आणि रीत तपासायची, हा त्यांचा क्रम होता. त्या दोघींनी मुलांवर बुद्धिमापनाची मोहोर उठवली नाही. त्या मुलांजवळ बसल्या, त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मूल्यमापनाचं पहिलं पाऊल मी आजही तेच मानते.

मोजमापाची वाट दुसरीकडून आली. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये चाचणी तयार केली, ती शाळेत जादा मदत लागणारी मुलं ओळखण्यासाठी. १९३०च्या दशकात धारवाडकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. बिने-कामत चाचणी म्हणून ती अजूनही वापरात आहे. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशींनी ‘कामायनी’ सुरू केली, त्याच्या वीस वर्षं आधी मुंबईत जय वकील शाळा निघाली होती. पण या सोयी मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी होत्या. बुद्धी चांगली, बोलणं चुणचुणीत, आणि तरी वाचन होत नाही, असं मूल या दोन्ही वाटांच्या मधल्या जागेत राहून गेलं.

हे मूल वर्गात ओळखायचं कसं, ते सांगते, कारण शिक्षकाला इथेच खरं काम आहे. मराठीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर. ‘किती’ लिहिताना मुलाचा हात आणि कान दोन दिशांना जातात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक एवढासा. ‘ख’ सैल पडला की ‘रव’ होतो. ‘सूर्य’ शब्दातला रफार डोक्यावर चढतो, ‘चक्र’ शब्दातला र पायाशी उतरतो. पहिलीत सगळीच मुलं इथे अडखळतात. पण तिसरी संपत आली, गोष्ट ऐकून मूल फटाफट उत्तरं देतं, आणि तीच गोष्ट समोर छापील आली की घाम फुटतो, तेव्हा त्याला आळशी म्हणणं अन्याय आहे. आकड्यांचंही तसंच. ‘पंचवीस’ ऐकताना आधी पाच येतो, म्हणून मूल ५२ लिहितं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचायची पद्धत आली तेव्हा गदारोळ झाला, थट्टा झाली. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. अडखळणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिलं तर मला त्यांचं म्हणणं पटलं होतं आणि आजही पटतं.

१९९६ मध्ये महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना, म्हणजे सरकारी भाषेत अध्ययन अक्षम मुलांना, परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या पातळीचं गणित. कागदावर हक्क आला, पण त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र मुंबईच्या सायनसारख्या मोठ्या रुग्णालयांतून आणायचं. डहाणूपर्यंत लोकल यायला २०१३ उजाडलं. त्याआधी सफाळ्याहून शटल किंवा मेमू पकडायची, विरारला बदलायचं, दादरला पुन्हा बदलायचं. आणि ही तपासणी एका फेरीत संपत नाही: डोळे, कान, बुद्ध्यंक, मग वाचन-लेखनाच्या चाचण्या. पानवेलीच्या वाडीत मजुरीला जाणाऱ्या बाईची प्रत्येक फेरीला रोजी बुडायची. मोठ्या शहरातल्या, इंग्रजी शाळेतल्या मुलांच्या हाती सवलती आधी पडल्या, त्याचं कारण आमच्या मुलांत नव्हतं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ७ ऐवजी २१ प्रकार मानले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं नाव प्रथमच आलं. आधीच्या, १९९५च्या कायद्यात ते नव्हतं. चाचण्यांची भाषा हा मोठा अडसर होता, कारण बऱ्याचशा इंग्रजीतून घडलेल्या. २०१५ साली मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा संच काढला, तो हिंदी, कानडी आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. मला त्याचा फार आनंद झाला.

पण ती मराठी पुस्तकातली आहे. आमच्या पट्ट्यात वाडवळी आहे, मांगेली आहे, आत डोंगराकडे वारली. उत्तर कोकणातल्या काही बोलींत ‘स’चा ‘ह’ होतो. असं मूल ‘सात’ हा शब्द ‘हात’ असा वाचतं तेव्हा ती अक्षमता नाही, ती त्याच्या आईची भाषा आहे. आणि उलटही घडतं: खरी अडचण असलेल्या मुलाला ‘बोलीमुळे होतंय, सुधारेल’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि तेवढ्यात पाचवी येते. दोन्ही चुका टाळायच्या तर तपासणाऱ्याच्या शेजारी ती बोली जाणणारं माणूस बसलं पाहिजे. गावातली अंगणवाडी सेविका चालेल, वरच्या वर्गातली मुलगी चालेल. मुलाला आधी त्याच्या बोलीत गोष्ट सांगू द्यावी, ती बाईंनी जशीच्या तशी उतरून घ्यावी, आणि सायनला पाठवायच्या कागदांत पहिलं पान त्या गोष्टीचं असावं.