खाटेभोवतीची माणसे

पनवेलमध्ये १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी आयुर्वेदिक औषधे तयार करायला सुरुवात केली आणि ‘श्री धूतपापेश्वर’ हे नाव पुढे महाराष्ट्रभर घरोघरी पोचले. याच तालुक्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे. भारतात विकसित झालेल्या पहिल्या कार-टी उपचाराचे रुग्ण तिथे दाखल झाले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला केंद्रीय औषध नियामकाची परवानगी मिळाली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, कर्कपेशी ओळखता येतील असा बदल त्यांच्यात करायचा आणि त्या परत त्याच्या शरीरात सोडायच्या, असा हा उपचार. या पेशी कामाला लागल्या की काही रुग्णांच्या शरीरात दाहाचे वादळ उठते. ताप चढतो, रक्तदाब उतरतो, ऑक्सिजन कमी पडू लागतो. अशा वेळी अतिदक्षता विभाग जवळ लागतो आणि टोसिलिझुमॅब हाताशी लागते. हे औषध आधीपासून संधिवातावर वापरले जाते. ते या वादळावर चालते हे ओळखणारा, ते केव्हा द्यायचे हे ठरवणारा आणि ते योग्य तापमानात साठवून वेळेवर वर पाठवणारा, ही तीन वेगवेगळी माणसे असतात. हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे, आणि त्यांच्यात सामील होऊ पाहणाऱ्यांसाठी आहे.

पनवेलचा वाचक या विषयाला परका नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो, गोव्याचा रस्ता इथूनच खाली उतरतो, तळोज्यात रासायनिक कारखाने आहेत आणि गावाबाहेर पडले की भातखाचरे लागतात. म्हणून इथल्या रुग्णालयांत एकाच रात्री अपघातातला जखमी, वायूने गुदमरलेला कामगार आणि सर्पदंशाचा शेतकरी येऊ शकतो. कामोठ्याला १९८९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. उरण, पेण, खालापूरचे नातेवाईक आयसीयूच्या दाराबाहेर रात्र काढतात. आत नेमके कोण आहे आणि ते काय शिकून आले आहे, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

अतिदक्षतेचे स्वतःचे असे एकच घराणे नाही. बहुतेक वैद्यकीय शाखा एखाद्या अवयवाभोवती किंवा वयाभोवती उभ्या राहिल्या. ही मात्र एका अडचणीभोवती उभी राहिली. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भीषण साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के दगावत होते. ब्लेगडॅम रुग्णालयाचे प्रमुख लासेन यांनी अखेर ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावले. त्या काळी भूलतज्ज्ञाचे काम शस्त्रक्रियागृहापुरते मानले जाई. पण इब्सेन यांनी त्याआधी धनुर्वाताच्या एका नवजात बाळाला क्युरारे देऊन, स्नायू सैल पाडून, हाताने श्वास देण्याच्या प्रयत्नात भाग घेतला होता. २७ ऑगस्टला त्यांनी १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून घेतले. ती धडपडत होती, नळीतून हवा आत जाईना. तेव्हा त्यांनी थायोपेंटल देऊन तिला शांत केले, मग रबरी पिशवी दाबून श्वास दिला, आणि ती वाचली. पुढचे काही महिने सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. ही कथा पाठ्यपुस्तकांत श्वासयंत्राची म्हणून सांगतात. मला ती औषधाचीही वाटते. थायोपेंटलची मात्रा आणि परिणाम ठाऊक असलेला माणूस त्या खोलीत नसता, तर पिशवीचा उपयोग झाला नसता.

आपल्याकडे ही परंपरा मुंबईत रुजली. डॉ. फरोख उदवाडिया फिजिशियन, छातीच्या आजारांचे जाणकार. जे. जे. रुग्णालयात त्यांनी धनुर्वाताच्या रुग्णांवर केलेल्या कामातून भारतातल्या अतिदक्षतेचा एक मोठा धडा तयार झाला. धनुर्वातात रुग्णाला आठवडेच्या आठवडे सांभाळावे लागते, आणि त्या काळात झटके, श्वास, नाडी, जंतुसंसर्ग, पोषण या सगळ्यांकडे एकाच वेळी पाहावे लागते. १९९३ मध्ये मुंबईतच ‘इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन’ स्थापन झाली. आज भूलशास्त्र, मेडिसिन, श्वसनविकार किंवा आपत्कालीन वैद्यक यांत एम.डी. करून पुढे तीन वर्षांचे डी.एम. करता येते, सोसायटीचे पदविका आणि फेलोशिपचे मार्गही आहेत. भूलतज्ज्ञाचा हात श्वासनलिकेवर पक्का असतो, फिजिशियन निदानात खोल जातो. चांगल्या विभागात हे दोघे एकमेकांकडून रोज शिकतात, आणि दोघेही अनुभवी सिस्टरचे ऐकतात.

पण या पुस्तकाच्या वाचकाला मला आधी मुंबईला नाही, महाडला न्यायचे आहे. रायगड जिल्ह्याचा हा दक्षिण भाग लाल विंचवाचा. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचू चावलेली मुले त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांनी एकेका रुग्णाच्या खाटेशी बसून पाहिले. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, आधी चढणारा रक्तदाब, मग थकत जाणारे हृदय आणि शेवटी फुप्फुसांत साठणारे पाणी. विषाने स्वायत्त मज्जासंस्था पेटून उठते आणि रक्तवाहिन्या घट्ट आवळल्या जातात, हे त्यांच्या लक्षात आले. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. ते प्रभावी, पण शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचे, उजेडापासून झाकायचे आणि दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजायचा. खेड्यातल्या केंद्राला ते पेलणारे नव्हते. म्हणून त्यांनी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी, तोंडाने देता येणारी, स्वस्त प्राझोसिनची गोळी निवडली. रक्तदाबाच्या उपचारातले हे जुने औषध. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे निरीक्षण छापून आले. पुढे पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी हे काम चालू ठेवले, आणि २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या चाचणीत प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरचे प्रतिविष दिले तर रुग्ण लवकर सावरतात हे दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे सविस्तर सांगायचे कारण असे, की इथे रोगाची जाण आणि औषधाची जाण एकाच डोक्यात होती. औषध कसे चालते, कुठे टिकते, कोण ते देऊ शकते, गरिबाला परवडते का, हे सगळे प्रश्न एका उपचाराच्या निवडीत आले. आजच्या आयसीयूत हे ज्ञान एका माणसाला पेलणारे राहिलेले नाही. एका रुग्णाला दहा-पंधरा औषधे सहज चालू असतात. मूत्रपिंड थकले की मेरोपेनेम, व्हँकोमायसिन, कोलिस्टिन यांच्या मात्रा बदलतात, आणि डायलिसिस सुरू झाले की पुन्हा बदलतात. रक्तातले अल्ब्युमिन उतरले की फेनिटॉइनची तपासलेली पातळी फसवी ठरते. फेनिटॉइन ग्लुकोजच्या सलाइनमध्ये घातले तर त्याचे स्फटिक होतात. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि कॅल्शियम एकाच नळीतून सोडले तर साका बसतो. सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटून नाकातल्या नळीवाटे दिली, तर दिवसभराची मात्रा एकदम अंगावर येते. कीटकनाशक प्यायलेला रुग्ण आला तर अ‍ॅट्रोपिनच्या कुप्यांचा साठा तासांत संपू शकतो. तो आधीच हेरून भरून ठेवावा लागतो.

हे काम फार्मासिस्टचे आहे, आणि ते खाटेजवळ उभे राहून करायचे आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात केलेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे फार्मासिस्ट आयसीयूच्या राउंडला डॉक्टरांबरोबर जाऊ लागला, आणि औषध लिहिण्यातल्या टाळता येण्याजोग्या चुकांमुळे होणारी इजा ६६ टक्क्यांनी घटली. आपल्याकडे १९४८ च्या फार्मसी कायद्याने हा व्यवसाय बांधला गेला, पण दीर्घकाळ त्याचे चित्र औषधाच्या दुकानाचे किंवा कारखान्याचेच राहिले. २००८ मध्ये सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आला. त्यातले शेवटचे वर्ष रुग्णालयात काढायचे असते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाशी बोलण्याची जबाबदारीही लिहून ठेवली. तरी अनेक रुग्णालयांत फार्मसी तळमजल्यावर आणि आयसीयू वर, आणि दोघांमधला व्यवहार चिठ्ठीचा. एवढे शिकलेली मुले-मुली खिडकीआड बसवून ठेवणे हे मला रुग्णांचे नुकसान वाटते, आणि हे बदलावे यासाठीच हे पुस्तक मराठीत काढायचा आग्रह मी धरला.

पुढची प्रकरणे लिहिणाऱ्यांत भूलतज्ज्ञ, फिजिशियन, परिचारिका आणि फार्मासिस्ट आहेत, आणि त्यांची मते सगळीकडे जुळत नाहीत. जंतुसंसर्गात प्रतिजैविक किती दिवस चालवायचे, यावर दोन प्रकरणांत उघड मतभेद आहे. तो मी मिटवलेला नाही. बी.फार्म. किंवा फार्म.डी. करणाऱ्यांनी मूत्रपिंड आणि मात्रा यांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. तिथे तुमचे आधीचे शिक्षण लगेच उपयोगी पडेल. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी मात्र औषधांच्या मिश्रणाचे प्रकरण टाळू नये, कारण ते त्यांना वर्गात क्वचितच भेटते. रुग्णाच्या नातेवाइकांसाठी शेवटी वेगळे प्रकरण आहे. सलाइनच्या पंपावरचे आकडे काय सांगतात, डॉक्टरांना काय विचारावे आणि घरी चालू असलेल्या गोळ्यांची यादी पहिल्याच दिवशी का द्यावी, हे त्यात आहे. वाचायला कुठली पदवी लागत नाही.