नागपूर : कायद्याच्या हद्दीतून चालताना

शहराचा इतिहास आणि कायदा या विषयावरील व्याख्याने व पडद्यावर घडवलेले आभासी फेरफटके हा प्रकार 2020 च्या टाळेबंदीनंतर आपल्याकडे चांगलाच रुळला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य पाहावेत, असे आम्ही सांगतोही. मात्र नागपूरपुरती आमची एक तक्रार आहे. हे फेरफटके इमारतींपुढे थांबतात, आणि या शहरात कायदा रस्त्यावर अधिक घडला आहे.

उच्च न्यायालयाची इमारतच घ्या. नव्या दिल्लीच्या उभारणीत सहभागी असलेले वास्तुविशारद हेन्री मेड यांची ही रचना. उद्घाटन 6 जानेवारी 1940 चे. वकीलमंडळी तिला दगडातील काव्य म्हणतात. (काव्याची इतकी सैल व्याख्या आम्ही वर्गात चालू देत नाही, असो.) कॅमेरा घुमटावर रेंगाळतो. परंतु तिची खरी कथा कागदावर आहे. 1936 मध्ये स्थापन झालेले नागपूर उच्च न्यायालय 1 नोव्हेंबर 1956 रोजी, राज्य पुनर्रचना कायद्यान्वये, नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय मानले गेले आणि त्याचे मुख्य पीठ जबलपूरला गेले. न्यायालय गेले, इमारत राहिली; तिथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. ही स्थलांतराची गोष्ट दगड कशी सांगणार?

महालातही तेच. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघुजी भोसले औरस पुत्राविना वारले. राजघराण्यातील स्त्रियांनी यशवंतरावांना दत्तक घेतले. डलहौसीने ते दत्तविधान मानले नाही, आणि 1854 मध्ये राज्य खालसा झाले. धर्मशास्त्राने वैध ठरणारा वारस कंपनीच्या लेखी वारसच नव्हता. घराण्याचे जवाहीर कलकत्त्याच्या लिलावात निघाले. जुना राजवाडा 1864 मध्ये जळाला. आभासी फेरीत नगारखान्याचा दरवाजा दिसतो. ज्या एका शेऱ्याने राज्य गेले, तो शेरा दिसत नाही.

पण चालण्याचाच प्रश्न असेल तर 1923 ला वळसा घालून कोणतीही फेरी पुढे जाऊ नये. जबलपूरला नगरभवनावर काँग्रेसचा झेंडा लावण्यावरून सुरू झालेला वाद नागपुरात आला आणि त्याचे स्वरूपच बदलले. इथे प्रश्न झेंडा लावण्याचा राहिला नाही, तो घेऊन चालण्याचा झाला. शहरातून चरख्याचा झेंडा घेऊन निघालेल्या लोकांना साहेबांच्या वस्तीत, म्हणजे सिव्हिल लाइन्समध्ये, शिरू द्यायचे नाही, असा सरकारचा पवित्रा होता. त्यासाठी 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 144 हाताशी होतेच. 1 मेपासून रोज स्वयंसेवकांची तुकडी निघे, हद्दीवर अडवली जाई, अटक होई. नकाशावर ती हद्द म्हणजे एक साधा रस्ता. प्रत्यक्षात ती दोन प्रकारच्या प्रजेमधली रेघ होती. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. जमनालाल बजाज पकडले गेल्यावर वल्लभभाई पटेल नागपुरात आले. हजाराहून अधिक माणसे तुरुंगात गेली.

त्यांत सुभद्राकुमारी चौहान होत्या. पुढे झाशीच्या राणीवरील कवितेने त्या घरोघरी पोचल्या, हे साहित्याच्या वाचकाला ठाऊक असतेच. झाशीचे गंगाधरराव वारले ते नोव्हेंबर 1853 मध्ये, म्हणजे रघुजींच्या तीनच आठवडे आधी. दोन्ही राज्ये एकाच दत्तकनकाराने गेली. झाशीची कवयित्री नागपूरच्या रस्त्यावर पकडली जावी, हा योगायोग खरा. तरी दोन्ही ठिकाणी कायदा एकाच घरचा होता, हे आम्हांला योगायोगाहून महत्त्वाचे वाटते.

18 ऑगस्ट 1923 रोजी मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून झेंड्यासह गेली. तिच्यासाठी परवानगी मागितली होती की नव्हती, यावर नंतर बराच वाद झाला. तो वाद किरकोळ समजू नये. परवानगी मागितली असेल तर कायदा जिंकला, नसेल तर चालणारे जिंकले.

आजच्या पडद्यावर तोच रस्ता बोटाच्या एका हालचालीने ओलांडता येतो. कुणी अडवत नाही. कलम 144 मात्र 1973 च्या संहितेतही त्याच क्रमांकाने राहिले, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचा क्रमांक 163 आहे.