वणव्याच्या धुराची नोंद

फाल्गुन-चैत्रात रायगड किनाऱ्यावरील कोर्लई-रेवदंड्याच्या परिसरात डोंगरांवर वणवे पेटतात, शिवारात राब भाजले जातात आणि धूर खाडीवर उतरतो. पूर्वी या धुराचे मोजमाप होत नसे.

१९७८ साली ओझोन मोजण्यासाठी ‘निंबस-७’ हा उपग्रह अवकाशात गेला. धूर अतिनील किरण शोषतो. म्हणून वातावरणातून परतणारे हे किरण कमी भरले की धूर ओळखता येतो, हे त्याच उपग्रहाच्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले. १९९९ साली रामनाथन व क्रुट्झेन यांच्या नेतृत्वाखालील ‘इंडोएक्स’ मोहिमेने अरबी समुद्रावरील धुरकट थर मोजला. त्यात चुली, मोटारी आणि कारखाने यांचाही वाटा आढळला. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या साहाय्याने वणव्यांची सूचना देत आली आहे.

परंतु उपग्रह धूर मोजतो. आग कोणी लावली हे सांगत नाही. त्याच्या फेरीपूर्वी विझलेला लहानसा राब तर त्याला दिसतही नाही. म्हणून केवळ त्या आकड्यांवरून राब भाजणाऱ्या गरीब शेतकरी व आदिवासी बांधवांवर दोष ठेवणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. चौकशी डोंगरावर जाऊनच व्हावी, आणि आपल्या मोटारीचा धूरही त्या हिशेबात धरावा.