५५.४२

पी. टी. उषा लॉस एंजेलिसला चौथी आली, हे आपल्या बॅचला पाढ्यांसारखं पाठ आहे. ८ ऑगस्ट १९८४, ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत. तिसरी आलेली रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू ५५.४१ सेकंद, उषा ५५.४२. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या हिशेबात हे दहा मिलिसेकंद. सर्व्हरने उत्तर द्यायला एवढाच वेळ घेतला तर आम्ही खूश असतो. उषाच्या सरासरी वेगाने मोजलं तर हे अंतर भरतं सुमारे सात सेंटिमीटर. शिवाय अंतिम रेषेवर नुसता पाय पोहोचून भागत नाही, धड पोहोचावं लागतं. छाती पुढे झोकायचा तो क्षण तिच्या हातून निसटला.

एवढंच सांगून थांबलं की गोष्ट अर्धी राहते. ऑलिंपिकमध्ये बायकांची ही शर्यत तेव्हा पहिल्यांदाच होत होती. उषा मूळची लहान पल्ल्याची. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधली तिची दोन्ही रौप्यपदकं १०० आणि २०० मीटरची. प्रशिक्षक ओ. एम. नंबियार यांनी तिला अडथळ्यांकडे वळवलं आणि लॉस एंजेलिसच्या उपांत्य शर्यतीत ती पहिली आली. सोव्हिएत गटाचा बहिष्कार असल्याने काही बलाढ्य धावपटू तिथे नव्हत्या, हेही खरं. पण पुढच्या वर्षी जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने पाच सुवर्णपदकं मिळवली, ती कुणाला आठवतात?

१९८६ ला सोल एशियाडमध्ये चार सुवर्ण, एक रौप्य. त्यानंतर मधल्या सुट्टीत जोरात धावणारी प्रत्येक मुलगी ‘पी. टी. उषा’ झाली. कधी कौतुकाने, बहुतेकदा ‘जरा हळू चाल’ हे सांगण्यासाठी. पी. टी. म्हणजे पी. टी.चा तास असंच आपल्याला वाटायचं. ते पिलावुळ्ळकंडी तेक्केपरंबिल आहे, हे कळायला मला इंटरनेट येईपर्यंत थांबावं लागलं!

१९८८ चं ऑलिंपिक टाचेच्या दुखापतीत गेलं. मग लग्न, मुलगा, आणि १९९८ ला फुकुओकात, चौतिसाव्या वर्षी, पुन्हा चार आशियाई पदकं. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतला सगळ्यात कठीण भाग हाच, आणि सगळ्यात कमी सांगितला गेलेलाही. २००२ मध्ये तिने केरळात मुलींसाठी धावण्याची शाळा काढली.

२०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये विद्या रामराजने प्राथमिक फेरीत नेमके ५५.४२ सेकंद घेतले. एकोणचाळीस वर्षांनी राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी! बातम्यांचा सूर अभिमानाचा होता. मला मात्र राहून राहून वाटलं, इतकी वर्षं हा आकडा जागचा हलला नाही, यात उषाचं मोठेपण जितकं, तितकीच आपल्या व्यवस्थेची सुस्ती. अंतिम शर्यतीत विद्याला ५५.६८ सेकंद लागले. कांस्यपदक मिळालं.