हट्टी एक्झिमावर रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं का देतात?

मलमं झाली, साबण बदलला, तरी खाज थांबत नाही. रात्रीची झोप मोडते, खाजवून त्वचा सोलवटते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ काही रुग्णांना रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या देतात. किडनी प्रत्यारोपणानंतर वापरली जाणारी औषधं खाजेवर कशाला?

ही औषधं काय करतात?

एक्झिमा म्हणजे इसब. अ‍ॅटोपिक डर्मटायटिस हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. त्यात त्वचेचं संरक्षक कवच कमकुवत असतं आणि रोगप्रतिकारक पेशी गरज नसताना त्वचेत दाह निर्माण करतात. ही औषधं त्या पेशींना शांत करतात. आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात येतो.

कोणती औषधं वापरतात?

• सायक्लोस्पोरिन: साधारण २ ते ६ आठवड्यांत फरक दिसतो. मात्र किडनीवर ताण येऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो. त्यामुळे सहसा १ ते २ वर्षांपेक्षा जास्त काळ देत नाहीत.

• मेथोट्रेक्सेट: परिणामासाठी २-३ महिने लागू शकतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास जीवावर बेतू शकतं. म्हणून ठरलेला वार चिठ्ठीवर लिहून घ्यावा.

• अ‍ॅझाथायोप्रिन: काहींच्या शरीरात हे औषध नीट पचवणारं एन्झाइम कमी असतं. अशांच्या रक्तपेशी धोकादायकरीत्या घटू शकतात, म्हणून आधी तपासणी करतात.

स्टिरॉइडच्या गोळ्यांनी झटपट आराम पडतो, पण त्या बंद करताच एक्झिमा पुन्हा उसळू शकतो. २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं डुपिलुमॅब इंजेक्शन आणि त्यानंतर आलेल्या जॅक इनहिबिटर गोळ्या हे नवे पर्याय आहेत.

सुरू करण्याआधी काय तपासतात?

रक्तपेशी, लिव्हर, किडनी, हिपॅटायटिस आणि टीबी. भारतात टीबीची तपासणी विशेष महत्त्वाची, कारण प्रतिकारशक्ती दबली की शरीरात सुप्त असलेला टीबी डोकं वर काढू शकतो. उपचारादरम्यानही ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं.

काय लक्षात ठेवाल?

• ताप आला किंवा खोकला लांबला तर अंगावर काढू नका.
• सायक्लोस्पोरिन सुरू असताना मनाने पेनकिलर घेऊ नका, किडनीला धोका वाढतो.
• कोणतीही लस घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.
• मूल हवं असेल तर आधीच सांगा. गरोदरपणात मेथोट्रेक्सेट चालत नाही.
• बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका, आणि जुन्या चिठ्ठीवर पुन्हा आणूही नका.